पा-येंबे दोन आहेत

आमच्या नगर कौन्सिलात नकाशे काढणारी माणसं किती, असं कोणी विचारलं तर मी एकटीच हात वर करते. तोवेरा हारावा, नकाशा विभाग. विभाग म्हणजे चाळीस मिनिटं बॅटरी टिकणारा एक लॅपटॉप आणि तीन पाय शाबूत असलेली एक खुर्ची. पाण्याची लाइन फुटली, कचऱ्याच्या गाडीचा रस्ता ठरवायचा आहे, कोणाच्या कुंपणाने गटार गिळलं, की सगळे माझ्या दारात. काम झालं की सही साहेबांची. ही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे, आणि ती माझ्याच नावावर आहे.

दोन वर्षांपूर्वी सायकलवाल्यांसाठी परदेशातून मदत आली. अट अशी होती की रस्ता मनाला येईल तिथे बांधायचा नाही. मागच्या तीन वर्षांत सायकलवाले नेमके कुठे मेले, कुठे जबर जखमी झाले, ते एकेक ठिपका करून संगणकावरच्या नकाशात मांडायचं. जिथे ठिपके सगळ्यात दाट, तिथे सायकलींसाठी वेगळा पट्टा, गाड्या आत येऊ नयेत म्हणून सिमेंटचा कठडा, आणि दोन्ही बाजूंना गतिरोधक. ठिपक्यांच्या अशा नकाशालाच जीआयएस म्हणतात. मला ती अट बेहद्द आवडली. इतकी वर्षं आमच्याकडचे रस्ते मोठ्या माणसांच्या घरांकडे वळायचे. एकदाचे ते मेलेल्यांकडे वळणार होते.

त्यात माझा स्वार्थही होता. माझी थोरली बहीण तिवोंगे, तिचा नवरा लुसुंगु काबाझा चालवतो. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर गादी बांधायची आणि त्यावर माणूस, पिशव्या, कोंबडी, जे असेल ते बसवून पोचवायचं, त्याला आमच्याकडे काबाझा म्हणतात. बहिणीचा नवरा तो माझा मुलामू, आणि त्याच्यासाठी मीही मुलामूच. या नात्यात एकमेकांची टर उडवली नाही तर लोकांना वाटतं यांच्यात काहीतरी बिनसलंय. लुसुंगु हे कर्तव्य मनापासून पार पाडायचा.

"काय मुलामू," तो कौन्सिलच्या फाटकाशी सायकल टेकवून ओरडायचा, "आम्हाला ठिपके करणार म्हणे तुम्ही!"

"तुला नाही करणार. तुझं पोट एका ठिपक्यात मावेल का?"

"पोट! तुझी बहीण मक्याची न्सिमा अशी वाढते, की ताटात शोधावी लागते. तिचाच नकाशा काढ आधी."

मग तो गादी झटकायचा, मला बसायला सांगायचा आणि बाजारापर्यंत फुकट सोडायचा. वाटेत सबंध रस्ताभर ओरडत जायचा, बाजूला व्हा, कौन्सिलची मॅडम वजनदार आहे.

आता ठिपके कुठून आणायचे? पोलिसांच्या अपघात नोंदवहीतून. आमच्या रस्त्यांना पाट्या नाहीत, घरांना नंबर नाहीत. हवालदार लिहितात तसं लिहितात: चर्चच्या खाली. लाल फाटकासमोर. म्हातारीच्या दळणाच्या चक्कीपाशी. कुठली म्हातारी, ती अजून आहे का, काही लिहिलेलं नसतं. मी चार महिने ते उलगडत बसले. सगळ्यात सोपं गेलं ते पा-येंबे. तीन वर्षांच्या वहीत ते अकरा वेळा आलं होतं. पा-येंबे म्हणजे आंब्यापाशी. आणि ते कुठे आहे हे मला का कोणी सांगायला हवं? मी दर शनिवारी तिथेच टोमॅटो घेते. पेट्रोल पंपाच्या पुढे, सपाट सरळ रस्ता, कडेला भाजीवाल्या बायकांच्या रांगा. तिथे आंब्याचं झाड नाही. सहा वर्षं मी त्या जागेला आंबा म्हणत होते आणि आंबा कुठाय असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. रोजच्या नावाला कोण अर्थ विचारत बसतं?

तरी मी स्वतःला काळजीपूर्वक काम करणारी बाई समजत होते, म्हणून लुसुंगुला फोन लावला.

"मुलामू, तो तुमच्या स्टँडवरचा उंच पोरगेला गडी, गेल्या ऑगस्टमध्ये लाकडाच्या लॉरीने उडवलेला. कुठे झालं ते?"

"येंबेला. अजून कुठे? सगळे तिथेच जातात."

"नक्की?"

"नक्की काय विचारतेस? मी उचललाय त्याला."

झालं. मी भाजीवाल्या बायकांच्या रांगेवर अकरा ठिपके ठेवले. पन्नास मीटरचं वर्तुळ काढलं. संगणकाने तिथे लालभडक डाग दाखवला, अख्ख्या शहरात सगळ्यात मोठा. न्यासुलू साहेबांनी तो मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावला, पाहुणे आले की त्यांना आधी तिथे उभे करायचे. मीही दारातून कौतुकाने बघायचे. जाऊन पाहावं, निदान एकदा त्या जागी उभं राहून रस्ता बघावा, हे सुचलं नाही. माझ्या खुर्चीपासून ती जागा चालत वीस मिनिटांवर होती.

पट्टा बांधून झाला तेव्हा दृष्ट लागावी असा दिसत होता. तांबडा रंग, पांढऱ्या रेघा, कमरेइतका कठडा. फीत कापायच्या आदल्या दिवशी मी लुसुंगुला मुद्दाम बोलावून घेतलं. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घंटी वाजवत गेला, परत आला, पाय टेकवून उभा राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "इथे काय करणार आहात?"

"म्हणजे?"

"म्हणजे मोठे लोक इथे चालायला येणार का? की बायकांना टोमॅटो मांडायला? कामाचा पट्टा कधी सुरू करताय, खाली येंबेला?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. "हेच ना येंबे," मी म्हटलं.

"हे?" त्याने चहूकडे पाहिलं. "मुलामू, इथे आंबा कुठे दिसतोय तुला? हे बायकांचं येंबे. खरं येंबे खाली, ओढ्याच्या पुलापाशी, वळणावर. तिथे हा एवढा आंबा होता, बायका त्याच्याच सावलीत बसायच्या. रस्ता रुंद करताना कापला. मग बायका टोपल्या उचलून इथे वर आल्या आणि नावही उचलून घेऊन आल्या. आम्ही खालचे लोक. आम्ही नाव जागच्या जागीच ठेवलं."

"पोलीस काय लिहितात?"

"कुठला पोलीस त्यावर आहे. जुना असला तर खालचं, नवा असला तर वरचं. पण इथे कोण मरणार गं? या रस्त्यावर झोपलं तरी गाडी वळसा घालून जाईल."

मी सरोवराकाठच्या गावातून इथे नोकरीला आले, त्याच्या तीन वर्षं आधी तो आंबा कापला होता. एवढंच. एवढ्यावर अकरा माणसं त्यांच्या मरणाच्या जागेवरून उठून टोमॅटोच्या बाजारात येऊन बसली होती. तिथेच कठड्यावर बसून मी रडले. लुसुंगुला आधी कळेचना की बायकोच्या बहिणीने सरकारी कठड्यावर बसून का रडावं. कळलं तेव्हा त्याची थट्टा थांबली. सायकल उभी करून तो माझ्या शेजारी बसला.

"बदलता येईल की," तो म्हणाला. "तुझाच तर नकाशा आहे."

पुढचे आठ दिवस मी नोंदवही काखेत मारून हिंडले. लिहिणारे हवालदार शोधले, मेलेल्यांच्या घरी गेले, जागेवर उभी राहून फोनवर अक्षांश-रेखांश घेतले. अकरांपैकी दहा खालच्या वळणावर निघाले. त्या वळणावर मी उभी राहिले तेव्हा कोणी सांगायची गरजच नव्हती. डोंगरावरून लांबलचक उतार येतो, शेवटी एकदम वळतो, आणि वळताक्षणी पूल, दोन लॉऱ्या जेमतेम मावतील इतका. कडेला चालायलासुद्धा जागा नाही. मागे माणूस बसवून उतरणाऱ्या सायकलचे ब्रेक काय धरणार? आणि जंगलातून लाकूड घेऊन येणारी लॉरी तर ब्रेक मारतच नाही. लुसुंगुचं घर डोंगराच्या बाजूला आहे. तो दिवसातून सहा-सात वेळा तिथून उतरायचा.

नवा नकाशा घेऊन मी न्यासुलू साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी तो दोनदा पाहिला, चष्मा काढला, डोळे चोळले.

"तोवेरा, हे कोणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच, साहेब."

"मग दाखवलं नाहीस असं समज. ज्यांनी मदत दिली त्यांना काय सांगू? की आमचे मेलेले लोक आम्ही चुकीच्या जागी ठेवले? परत कोणी आपल्याकडे फिरकणार नाही. एवढ्याशा शहराचं नाव त्यांच्या यादीत यायला मी सात वर्षं घासलीत."

"पण साहेब, दहा माणसं आहेत ही."

"आहेत. पण ती वापरून झाली," साहेब म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने चष्मा पुन्हा चढवला. "दुसरा टप्पा आहे. त्याची मोजणी एक जानेवारीपासून नव्याने. जुनी माणसं पुन्हा धरता येत नाहीत, तसं लेखी आहे. नऊ महिन्यांत एका जागी तीन मृत्यू झाले की जागा पात्र. सप्टेंबरअखेर यादी राजधानीला जाते. तू आकडे आण, मी सही करतो. देवाशपथ करतो."

आकडे आण! जसं काही मी त्या वळणावर टोपली घेऊन बसायचं होतं.

काबाझावाल्यांना मी सगळं खरं सांगितलं. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी मलाच शेंगदाणे दिले. मग त्यांच्यातल्याच कोणीतरी फांद्यांची युक्ती काढली. ज्या घरी माणूस गेलं त्या घरासमोर रस्त्यावर आम्ही हिरव्या फांद्या टाकतो. त्या दिसल्या की कितीही उर्मट ड्रायव्हर असो, गाडी हळू करतो, रेडिओ बंद करतो, कोणी तर टोपी काढतो. पोलिसाला न भिणारी लॉरी शोकाला भिते. त्यांनी वळणाच्या अलीकडे-पलीकडे फांद्या टाकल्या, आणि काय सांगू, दोन दिवस त्या पुलावरून लॉऱ्या चक्क चालत गेल्या. मी पुलावर उभी राहून वेळ मोजला. आमच्या सगळ्या गतिरोधकांपेक्षा फांद्या सरस होत्या.

तिसऱ्या दिवशी डोंगरावरचे म्हातारे गावप्रमुख, आगोगो म्सिस्का, काठी टेकत खाली आले. आगोगो म्हणजे आजोबा. सगळं गावच त्यांना तसं म्हणतं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आगोगो," लुसुंगु म्हणाला. "कोणी जाऊ नये म्हणूनच टाकल्यात."

"असं! आणि उद्या खरंच कोणी गेलं, मग काय टाकाल? कोणाचा विश्वास बसेल? बिनमेल्याचा शोक करता? कोणाला बोलावताय इथे?"

मी मधे बोलायला गेले तर आगोगोंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फांद्या त्यांनी स्वतः वाकून उचलल्या, एकेक करून, आणि ओढ्यात टाकल्या. त्यांना विरोध करायचं धैर्य कोणात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. संध्याकाळपर्यंत लॉऱ्या पुन्हा सुसाट.

फेब्रुवारीत तिथे एक शाळामास्तर गेले. मे महिन्यात एक बाई, काबाझावर मागे बसलेली, मांडीवर सुक्या उसिपा मासळीची टोपली. मासळी पूलभर पसरली होती आणि लोक ती पायाखाली येऊ नये म्हणून वाकडे चालत होते. मी आता नोंदवहीवर अवलंबून नव्हते. जागेवर जायचे, फोन जमिनीवर ठेवायचे, ठिपका घ्यायचे. त्या बाईचा ठिपका घेऊन परत येताना माझ्या मनात आपोआप आलं, दोन झाले, एक राहिला. मी रस्त्यातच थांबले. कोणीतरी आपल्याला ऐकलं असेल अशी भीती वाटली. पण तो विचार गेला नाही. त्यानंतर दर सोमवारी पोलीस चौकीत नोंदवही उघडताना मला दोन्ही वाटायचं: कोणी नसू दे, आणि असला तर तिथलाच असू दे. अशी बाई मी आधी नव्हते.

लुसुंगुला मी हात जोडून सांगितलं की मागच्या पायवाटेने जात जा, लांब पडली तरी. त्याने तीन आठवडे ऐकलं.

"मुलामू, नाही जमत," तो मग म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, मला दवाखान्यात जायचंय, तू मला डोंगर दाखवायला निघालायस का? तुझ्या नकाशावर सरळ रेघ काढता येते. मला सायकल चालवावी लागते."

चौदा ऑगस्टला त्याच्यामागे कोणी बसलं नव्हतं, तेवढंच नशीब. लॉरीच्या मागच्या लाकडाच्या टोकाने त्याला पुलाच्या कठड्यावर दाबलं. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला लागलं. मी पोचले तेव्हा त्याला नेलं होतं. आणि मी काय केलं? फोन जमिनीवर ठेवला, ठिपका घेतला, आणि मग दवाखान्याकडे पळाले. हात सवयीने चालले. तिवोंगेताईला हे मी कधीच सांगितलं नाही.

पहिले तीन आठवडे तो सुधारत होता. पेज प्यायला लागला, नर्सला विचारायला लागला की तुझं लग्न झालंय का, माझी मेहुणी एकटीच आहे, फार ठिपके काढते. मी संगणकात त्याच्या नावापुढे "गंभीर जखमी" लिहिलं आणि मनापासून हलकी झाले. कोणी मरायला नको होतं. तो पूल तसाच राहिला तर राहू दे, असं मी मोठ्याने म्हटलं.

सत्ताविसाव्या दिवशी ताप चढला. फुप्फुसात पू झाला म्हणाले. त्याला चार खाटांच्या खोलीत हलवलं, घशात नळी घातली, श्वासाच्या यंत्राला जोडलं. वीज जायची तेव्हा यंत्र बंद पडायचं, आणि जनरेटर सुरू होईपर्यंत नळीला रबरी पिशवी लावून नातेवाइकांनी ती हाताने दाबायची. दाबा, सोडा, तीन मोजा, दाबा. जनरेटरला डिझेल असेल तर दहा मिनिटं, नसेल तर दुपारभर. तिवोंगेताई दाबायची, तिचे हात सुजले की मी.

आता एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा माहीत होती आणि ताईला नव्हती. जगभर रस्त्यावरचा मृत्यू मोजायची एक रीत आहे. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो रस्त्याने मारलेला. त्यानंतर गेला तर तो आजाराने गेलेला. कुठेतरी रेघ मारावी लागते, म्हणून तीस. मी स्वतः तो रकाना बनवला होता. तारीख घातली की संगणक आपणच ठरवतो.

तेरा सप्टेंबर, तिसावा दिवस. भर दुपारी वीज गेली. ताई बाहेर बाकावर जरा आडवी झाली होती. खोलीत मी, लुसुंगु आणि ती पिशवी. माझ्या डोक्यात दोन ठिपके होते आणि तिसऱ्याची जागा मोकळी होती. आज गेला तर पुलावर पट्टा बांधतील. उद्या गेला तर फुकट. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते, फार तर चार-पाच दिवस म्हणाले होते. हा विचार माझ्या डोक्यात आला, मी तो नाकारत नाही. मी पिशवी दाबली. सोडली. तीन मोजले. दाबली. दोन तास दहा मिनिटं. लाइट आली तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती आणि मला स्वतःचा अभिमानही वाटत नव्हता, लाजही वाटत नव्हती. फक्त वाटत होतं की ही पिशवी माझ्या हातात कोणी द्यायला नको होती.

सोळा तारखेला सकाळी, तिवोंगेताईच्या हातात पिशवी असताना, तो गेला. तेहतिसावा दिवस.

माती झाली. काबाझावाले दोनशे सायकली घेऊन आले, कोणीही घंटी वाजवली नाही. मी ऑफिसात जाऊन तारीख घातली. रकाना "जखमी" वरून हलला नाही. मी न्यासुलू साहेबांना बोलावून दाखवलं. माझ्या तीन पायांच्या खुर्चीमागून वाकून त्यांनी तो रकाना वाचला.

"तारीख बदल," ते हळूच म्हणाले.

"दवाखान्याचा दाखला आहे, साहेब. राजधानीत दोन्ही जुळवून बघतात. एक खोटं निघालं तर आपली सगळी यादी रद्द. तुम्हीच सांगितलंत."

"हो," साहेब म्हणाले. "मीच सांगितलं." आणि ते गेले.

यादी जायला चार दिवस होते. मी ताईच्या घरी गेले. बाहेर बायका चुलीवर घेवडा शिजवत होत्या. आत ती चटईवर पाय लांब करून बसली होती, केस काढलेले, खांद्यावर काळं फडकं. मला शेजारी बसायला तिने हाताने जागा केली.

"मुलांना मी सांगितलंय," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्या बापामुळे आता तिथे पट्टा होईल. पोरं तेवढ्यावर शांत झाली. तीन झाले ना गं? मास्तर, ती मासळीवाली आणि हे. कधी सुरू करतील बांधायला?"

मी होय म्हणू शकले असते. सगळा रस्ताभर मी तेच ठरवून आले होते. पण डिसेंबर आला असता, पूल तसाच दिसला असता, आणि तिची मुलं त्याच पुलावरून शाळेत जातात. मी तिला तीस दिवसांची रीत सांगितली. जितक्या सोप्या शब्दांत येईल तितक्या सोप्या शब्दांत सांगितली. ती ऐकत होती. बोटांवर काहीतरी मोजत होती. चौदा ऑगस्टपासून, एकेक दिवस, ओठ हलवत. तेहतिसावर आली आणि थांबली. मग तिने आपले दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. ते अजून सुजलेले होते.

"म्हणजे ती पिशवी," ती म्हणाली, "मी तीन दिवस आधी सोडायला हवी होती?"

"नाही ताई," मी म्हटलं. "नाही, नाही."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

मी तिचे हात धरले. सांगणारी मीच होते.